डावा हात उजव्याचं का ऐकतो?

गोठ्यात दोन्ही हातांनी धार काढणाऱ्या माणसाचे हात कधी नीट बघा. उजवी मूठ आवळते तेव्हा डावी सुटते, डावी आवळते तेव्हा उजवी सुटते. दुधाच्या धारा बादलीत एकामागून एक पडत राहतात आणि माणूस तेवढ्यात शेजाऱ्याशी कापसाच्या भावावर बोलतही असतो. त्याला हातांकडे लक्ष द्यावं लागत नाही. आता त्यालाच सांगा की याच पद्धतीनं, पण दुप्पट-तिप्पट वेगानं मुठी आवळून दाखव. थोड्याच वेळात दोन्ही मुठी एकदम आवळायला आणि एकदम सुटायला लागतील. त्यानं तसं ठरवलेलं नसतं. आलटून-पालटून चालायचं हे त्याच्या मनात पक्कं असतं, तरी हात ऐकत नाहीत.

मी धुळ्यात फिजिओथेरपी करते. अर्धांगवायूनंतर एक हात लुळा पडलेली माणसं शिरपूर, साक्री, शिंदखेड्यापासून येतात, आणि त्यांच्या घरच्यांचा एक प्रश्न हमखास असतो: बिघाड डाव्या हातात आहे, मग तुम्ही उजव्याला व्यायाम का लावता? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून इथे ते सविस्तर लिहिते आहे.

आधी एक प्रयोग करून घ्या. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवा, मुठी अर्धवट मिटा आणि फक्त तर्जनी पुढे काढा. दोन्ही तर्जन्या एकाच वेळी आत, म्हणजे एकमेकींकडे, आणि मग एकाच वेळी बाहेर अशा हलवा. वेग वाढवत न्या. काही अडचण येत नाही. आता दुसरी चाल: दोन्ही तर्जन्या एकाच वेळी डावीकडे, मग एकाच वेळी उजवीकडे. हळू असताना हेही सहज जमतं. वेग वाढवत जा. एका क्षणी बोटं डळमळतील, एखाद-दुसऱ्या फेरीत गोंधळ होईल, आणि मग ती आपोआप पहिल्या चालीवर येतील, एकदम आत, एकदम बाहेर.

पहिल्या चालीत दोन्ही हातांचे तेच ते स्नायू एकाच वेळी काम करतात. तिला जुळी चाल म्हणू. दुसरीत बोटं एकाच दिशेला जाताना दिसली, तरी एका हाताचा आत ओढणारा स्नायू आणि दुसऱ्याचा बाहेर ओढणारा स्नायू एकत्र चालतो, आणि पुढच्या क्षणी उलट. ही आलटती चाल. धार काढणं, रवीच्या दोरीनं ताक घुसळणं, चालताना हात पुढेमागे झुलणं ही सगळी आलटती. खापरावरची पुरणपोळी करताना उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत मोठा करणं ही बरीचशी जुळी.

हा तर्जनीचा प्रयोग शास्त्रीय पद्धतीनं मोजून मांडला स्कॉट केल्सो यांनी. १९८१ आणि १९८४ सालच्या त्यांच्या कामातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे आलटती चाल ठराविक वेगाच्या पुढे टिकत नाही. हा उंबरठा माणसागणिक वेगळा असतो, पण बहुतेकांचा सेकंदाला दोन-अडीच फेऱ्यांच्या आसपास येतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. उलटा बदल होत नाही. जुळ्या चालीनं सुरुवात करून कितीही वेग वाढवा, हात आलटत्या चालीवर जात नाहीत. आणि एकदा जुळ्या चालीवर आल्यानंतर वेग पुन्हा कमी केला, तरी ते आपण होऊन आलटत्या चालीवर परतत नाहीत. म्हणजे इथे नुसता गोंधळ नाही. या बदलाला दिशा आहे.

धार काढणाऱ्याचं कोडं इथेच सुटतं. त्याची एकेक मूठ साधारण सेकंदाला एकदा आवळली जाते. घुसळण आणि चालणंही त्याच पट्ट्यातलं. आपण रोजच्या जगण्यात ज्या आलटत्या हालचाली करतो, त्या उंबरठ्याच्या बऱ्याच खाली असतात. म्हणून हातांची ही ओढ एरवी आपल्या लक्षातच येत नाही.

केल्सोंच्या निरीक्षणांना गणिताची भाषा दिली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्मन हाकेन यांनी. हाकेन मूळचे लेझरच्या सिद्धांतावर काम करणारे. लेझरमध्ये असंख्य अणू एका विशिष्ट टप्प्यावर अचानक एका तालात प्रकाश देऊ लागतात, तसं काही हातांत होतं का, हा त्यांचा प्रश्न होता. १९८५ साली हाकेन, केल्सो आणि बुंट्झ या तिघांनी मिळून एक समीकरण मांडलं, आणि या क्षेत्रात आजही तेच आधाराला घेतलं जातं. समीकरण बाजूला ठेवू, त्यातलं चित्र बघू. जमिनीत दोन खळगे आहेत, एक खोल, एक उथळ. हातांची चाल म्हणजे एक गोटी. खोल खळगा जुळ्या चालीचा, उथळ खळगा आलटत्या चालीचा. वेग कमी असतो तेव्हा गोटी उथळ खळग्यातही निवांत बसते. वेग वाढला की उथळ खळगा भरत जातो. आधी गोटी त्यात डुगडुगते, मग खळगाच उरत नाही आणि ती घरंगळत खोल खळग्यात जाते. वेग कमी केल्यावर उथळ खळगा पुन्हा तयार होतो, पण गोटी तोवर खोल खळग्यात बसलेली असते, तिला वर चढून यायला कारण नसतं.

हे चित्र नुसतं समजावण्यापुरतं असतं, तर मी त्यावर एवढा वेळ घालवला नसता. त्यातून एक भाकीत निघतं: चाल बदलण्याच्या आधी डुगडुग वाढली पाहिजे. केल्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ती मोजली, आणि ती खरोखर वाढलेली सापडली. तुमच्या तर्जन्या बदलाच्या आधी क्षणभर डळमळल्या, ती हीच.

आणखी एक बारकावा. हे बदल होताना दोन्ही हात सारखेच झुकत नाहीत. उजव्या हाताची सवय असलेल्या माणसात बहुधा उजवा हात आपली चाल राखतो आणि डावा तिच्याशी जुळवून घेतो. दोन्ही हातांनी एकाच दिशेला वर्तुळं काढायला सांगून वेग वाढवला, तर दिशा बदलतो तो बहुतेक वेळा कमी सवयीचा हात. डावखुऱ्यांमध्ये हे पारडं उलटं झुकू शकतं.

स्वस्थ पडलेल्या हाताला काय कळतं?

आतापर्यंत दोन्ही हात हलत होते. पण एकच हात हलत असेल आणि दुसरा मांडीवर स्वस्थ पडला असेल तर? डोळ्यांना काही दिसत नाही. आत मात्र बरंच चाललेलं असतं.

ते बघायचं साधन आहे चुंबकीय उद्दीपन. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफील्डला १९८५ साली ते दाखवलं. डोक्यावर एक कॉइल धरून क्षणिक चुंबकीय ठोका दिला की मेंदूतला हातांना हुकूम देणारा भाग चाळवतो आणि हाताचा स्नायू थोडासा उडतो. किती उडाला ते मोजलं, की त्या क्षणी तो भाग किती सज्ज होता हे कळतं.

२००४ साली रिचर्ड कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच साधनानं एक नेमका प्रयोग केला. लोकांनी डावं मनगट सेकंदाला दोन वेळा वाकवायचं आणि ताणायचं. उजवा हात पूर्ण सैल. त्या सैल उजव्या हातातल्या मनगट वाकवणाऱ्या स्नायूची सज्जता हालचालीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजायची. निकाल असा: डाव्या हाताचा वाकवणारा स्नायू जोरात काम करत असतो, नेमका त्याच वेळी उजव्या हाताचा तोच स्नायू जास्त सज्ज होतो. हात हलत नाही, पण डाव्याच्या तालावर त्याची सज्जता वरखाली होत राहते. मेंदूच्या खाली, जिथून चेता मणक्याकडे उतरतात, तिथे उद्दीपन दिलं तेव्हा असा चढउतार दिसला नाही. म्हणजे ही देवघेव मुख्यत्वे वर, मेंदूच्या पृष्ठभागातच होते. मणक्यात काहीच होत नाही असं मात्र नाही. तिथल्या प्रतिक्षिप्त क्रियाही दुसऱ्या हाताच्या तालावर कमी-जास्त होताना सापडल्या.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. जुळी चाल सोपी का आणि आलटती अवघड का, याचं एक सरळ कारण त्यातून मिळतं. एका हाताचा स्नायू आवळताना दुसऱ्या हाताच्या त्याच स्नायूला आतून बळ मिळत असेल, तर दोन्ही एकदम आवळणं सोपं जाणारच. आलटत्या चालीत ते बळ चुकीच्या वेळी येतं आणि त्याला दर फेरीत आवरावं लागतं. वेग वाढला की आवरायला वेळ पुरत नाही.

हे बळ जातं कोणत्या वाटेनं? मेंदूचा उजवा अर्धा भाग डावा हात चालवतो आणि डावा अर्धा भाग उजवा, हे आपण शाळेत शिकतो. ते बरोबर आहे, पण पूर्ण नाही. हुकूम नेणाऱ्या तंतूंपैकी ७५ ते ९० टक्के मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात. उरलेले त्याच बाजूनं खाली उतरतात. शिवाय मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा एक जाड पट्टा आहे, कॉर्पस कॅलोझम. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. एका बाजूचा हुकूम दुसऱ्या बाजूला या पट्ट्यातून कळतो, आणि दुसऱ्या बाजूला गप्प राहा हे सांगणंही यातूनच होतं. बळ देणं आणि आवरणं, दोन्ही कामं इथली.

आवरण्याचं हे काम लहानपणी कच्चं असतं. पहिलीतल्या मुलाला एका हाताची बोटं अंगठ्याला एकेक करून लावायला सांगा. दुसऱ्या हाताची बोटंही थोडीथोडी हलताना दिसतील. दहाव्या वर्षाच्या आसपास हे बहुतेक मुलांमध्ये ओसरतं. पालक कधी कधी घाबरून विचारायला येतात. लहान वयात यात काळजीचं काही नाही. क्वचित काही माणसांत मात्र ते आयुष्यभर राहतं, उजव्या हातानं लिहिताना डावाही तसाच हलतो. अशा काही कुटुंबांमध्ये डीसीसी नावाच्या जनुकात बिघाड असल्याचं २०१० साली दाखवण्यात आलं. तंतूंनी वाढताना शरीराची मध्यरेषा ओलांडायची की नाही, हे ठरवण्यात त्या जनुकाचा हात असतो.

आवरणारी यंत्रणा बिघडली की काय होतं, हे कोबी ब्रिंकमन यांच्या १९८४ सालच्या माकडांवरच्या कामात दिसतं. पारदर्शक पट्टीच्या भोकात खाऊचा तुकडा अडकवलेला. माकड एरवी एका बोटानं वरून तो ढकलायचं आणि दुसरा हात खाली धरून झेलायचं. मेंदूच्या मध्यरेषेजवळचा, हालचालींची आखणी करणारा एक भाग एका बाजूनं काढल्यावर त्याचे दोन्ही हात एकच काम करू लागले. एक वरून ढकलतोय, दुसराही खालून ढकलतोय. झेलायला कुणीच नाही. पुढे कॉर्पस कॅलोझम कापल्यावर हा दोष गेला. दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करणं हे मेंदूला आयतं मिळालेलं नाही, ते सतत राखावं लागतं, हे यातून मला पटलं.

आकार वेगळा, वेळ वेगळी

एका कागदावर उजव्या हातानं उभी रेघ आणि त्याच वेळी डाव्या हातानं वर्तुळ काढत राहा. रेघेला पोट येईल आणि वर्तुळ चपटं होईल. लहानपणी डोक्यावर टपल्या आणि पोटावर गोल हात फिरवायचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो, तोही याच जातीचा.

तीव्र अपस्मारात काही रुग्णांचा कॉर्पस कॅलोझम शस्त्रक्रियेनं कापतात, म्हणजे झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरत नाही. अशा रुग्णांना एलिझाबेथ फ्रान्झ, रिचर्ड आयव्हरी, मायकेल गॅझानिगा आणि सहकाऱ्यांनी दोन हातांनी दोन वेगळ्या दिशांचे आकार काढायला दिले. १९९६ साली त्यांनी लिहिलं की या रुग्णांचे आकार एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याला जे जमत नाही ते त्यांना सहज जमलं. पण वेळ मात्र जुळलेलीच होती. दोन्ही हात एकत्र सुरू होत होते, एकत्र वळत होते.

म्हणजे आकाराची जोडणी त्या पट्ट्यातून होते आणि वेळेची जोडणी आणखी खालून कुठून तरी, असा निष्कर्ष निघाला. गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. २००२ साली असेच रुग्ण घेऊन सलग, न थांबता वर्तुळं काढण्याचा प्रयोग झाला, आणि त्यात वेळेची जोडणीही सुटलेली दिसली. एक हात पुढे, दुसरा मागे. ठोका देऊन थांबणारी हालचाल आणि अखंड वाहणारी हालचाल मेंदू वेगवेगळ्या रीतीनं वेळेत बांधतो, असं यातून दिसतं. ढोलावरचा ठोका आणि जात्याच्या खुंट्याचं फिरणं दिसायला दोन्ही तालबद्धच. आतली यंत्रणा मात्र सारखी नाही.

इथवर वाचून वाटेल की सगळा खेळ स्नायू आणि तंतूंचा आहे. फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली या समजाला धक्का दिला. तर्जनीचाच प्रयोग, फक्त एक तळवा पालथा आणि दुसरा उताणा. आता दिसायला जुळी असलेली हालचाल स्नायूंच्या हिशेबात आलटती होते. लोक वेग वाढल्यावर कुठे वळले? डोळ्यांना जुळी दिसणाऱ्या हालचालीकडे. मग त्यांनी टेबलाखाली दोन हँडल बसवली. हँडल फिरवली की वर दोन लहान झेंडे फिरतात. एका बाजूला गिअर असा लावला की झेंडे एका वेगानं फिरायला हवेत तर हात चारास तीन या प्रमाणात फिरले पाहिजेत. नुसत्या हातांनी असं प्रमाण कुणाला साधत नाही. झेंड्यांकडे बघत मात्र लोकांनी ते साधलं, आपले हात काय करताहेत हे कळल्याशिवाय.

पुढे कोव्हाक्स, बुकॅनन आणि शे यांनी २०१० च्या सुमारास पडद्यावर एकच ठिपका ठेवला. एका हातानं तो आडवा सरकतो, दुसऱ्यानं उभा. ठिपक्यानं दिलेली आकृती गिरवायची, बस. पाचास तीन यांसारखी जवळजवळ अशक्य समजली जाणारी प्रमाणं लोकांना काही मिनिटांच्या सरावात जमली.

वेचणीच्या दिवसांत कापसाच्या शेतात गेलात तर हे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळेल. सराईत बाई दोन्ही हातांनी वेचते. उजवा हात वरच्या बोंडाकडे, डावा खालच्या. अंतरं वेगळी, दिशा वेगळी, पण हातांची ओढाताण होत नाही. कारण तिच्या प्रत्येक हाताला डोळ्यांनी दिलेलं एक ठिकाण आहे. योर्न डीड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रयोगशाळेत हेच दाखवलं. डावा हात लांब न्या, उजवा जवळ न्या, असं चिन्हांनी सांगितलं तर हात एकमेकांत अडकतात आणि सुरुवात करायलाच उशीर लागतो. तेच, जिथे जायचं तिथे थेट खूण दाखवली तर अडकणं जवळजवळ नाहीसं होतं. हातांची ओढाताण बरीचशी हुकूम समजून घेण्याच्या पातळीवर होते, पोचण्याच्या पातळीवर कमी. शेतमजूर बायकांच्या या कामाला अकुशल म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही.

वाजवणारे काय करतात

मग प्रश्न येतो वादकांचा. अक्कलकुव्याजवळ काठीच्या होळीत रात्रभर ढोल वाजतात. लग्नातला संबळवाला वाकड्या टोकाच्या काडीनं एक डग्गा आणि सरळ काडीनं दुसरा वाजवतो, आणि त्याचे हात आपल्या उंबरठ्याच्या कितीतरी वरच्या वेगानं आलटतात. त्यांना हे कसं जमतं?

खळगे सरावानं बदलतात, हे त्याचं उत्तर. पिएर-जॉर्जिओ झानोन आणि केल्सो यांनी १९९२ साली लोकांना जुळीही नाही आणि आलटतीही नाही, अशी बरोबर मधली चाल रोज थोडी थोडी शिकवली. एक हात दुसऱ्याच्या पाव फेरी मागे. सुरुवातीला बोटं सारखी जुळ्या किंवा आलटत्या चालीकडे ओढली जायची. पाच दिवसांत तिथे नवा खळगा तयार झाला. सराव म्हणजे फक्त चुका कमी होणं नव्हे, हातांची ओढ जिकडे असते ती जागाच हलते.

दोन वेगळे ताल एकत्र वाजवण्याची वादकांची युक्ती तर घरी करून बघण्यासारखी आहे. उजव्या हातानं तीन आणि त्याच वेळात डाव्यानं दोन ठोके द्यायचे. दोन हातांना दोन स्वतंत्र हिशेब ठेवायला लावाल तर जमणार नाही. त्याऐवजी दोघांचा मिळून एकच बोल धरा: दोन्ही एकदम, मग थोडं थांबून उजवा, लगेच डावा, लगेच उजवा, पुन्हा थोडं थांबून दोन्ही एकदम. कालखंडाचे सहा भाग केले तर ठोके पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागावर पडतात. पहिल्यावर दोन्ही हात, चौथ्यावर डावा, बाकीचे उजव्याचे. मांडीवर हळूहळू वाजवा, थोड्या वेळात बसेल. संशोधनातही हेच दिसलं आहे की दोन ताल वेगळे मोजण्यापेक्षा एकात गुंफून वाजवणारे जास्त अचूक असतात. संबळवाला मेंदूशी भांडत नाही. दोन्ही हातांना एकच हिशेब आवडतो, म्हणून तो एकच हिशेब देतो.

एक हिशेब दोन हातांना मिळाला की फायदाही होतो. हेल्मथ आणि आयव्हरी यांनी १९९६ साली मोजलं की एका बोटानं ठेका धरण्यापेक्षा दोन्ही हातांनी एकदम धरला तर प्रत्येक हाताचा ठेका जास्त स्थिर येतो. दुसरा हात सोबत असेल तर पहिल्याचंही डळमळणं कमी होतं.

तर मग लुळ्या हाताचं

आता घरच्यांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. लकव्याच्या एका जिभाऊंनी मला सांगितलं होतं, "हाऊ हात मन्हं आयकस नही." आपला हात आपलं ऐकत नाही, ही भावना फार खोल दुखावते. त्या हाताशी बोलायचा एक मार्ग दुसऱ्या हातातून जातो. चांगला हात तालात हलला की लुळ्या हाताच्या वाटेवर सज्जता वाढते, दोन्ही हात एका ठेक्यावर हलले की ठेका स्थिर होतो. हे आपण वर पाहिलं.

याचा उपचारात वापर जिल व्हिटॉल आणि सँडी मॅककोम्ब वॉलर यांच्या गटानं २००० साली मांडला. ठोक्याच्या आवाजावर दोन्ही हातांनी हँडल पुढे ढकलायची आणि मागे ओढायची, कधी एकदम, कधी आलटून. आठवड्यातून तीन वेळा, सहा आठवडे, दर वेळी वीस मिनिटांचं प्रत्यक्ष काम. जुना लकवा असलेल्या रुग्णांच्या हातात सुधारणा दिसली. २०११ साली याच गटानं मोठी तुलना केली, तेव्हा तेवढाच वेळ दिलेल्या नेहमीच्या व्यायामाइतकाच फायदा निघाला. म्हणून मी कुणाला हा चमत्कार म्हणून सांगत नाही. पण एकाच व्यायामाला कंटाळलेल्या माणसाला ठेक्यावर दोन्ही हात चालवणं जमतं आणि आवडतं, आणि तेवढाच फायदा आवडत्या कामातून मिळत असेल तर तो मी घेते. मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं अ‍ॅप, लावा, नाहीतर नातवाला डबा वाजवायला बसवा. वेग मात्र कमी ठेवा. सुरुवात जुळ्या चालीनं करा. आलटती नंतर, हळू.

प्लास्टरमधल्या हातासाठीही ही जोडणी कामी येते. एका हाताला ताकदीचा व्यायाम दिला तर दुसऱ्याची ताकदही काही प्रमाणात वाढते, हे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ सालीच नोंदवलं होतं. दुसऱ्या हाताला मिळणारी वाढ पहिल्यापेक्षा बरीच कमी असते, पण महिनाभर न हललेल्या हातासाठी तीही मोलाची. हाड मोडलं म्हणून चांगल्या हातालाही विश्रांती देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

लुळा हात अजिबातच हलत नसेल, तर दोन्ही हात कसे हलवायचे? चांगल्या हाताची बोटं लुळ्या हाताच्या बोटांत गुंतवा, कोपर सरळ करायचा प्रयत्न करत दोन्ही हात मिळून टेबलावर पुढे सरकवा आणि मागे आणा. खांद्यात दुखलं तर थांबा, लुळा हात वर खेचू नका, आणि आधी आपल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला दाखवून घ्या.

दुसरा मार्ग आरशाचा. कापलेल्या हाताच्या जागी होणाऱ्या वेदनांसाठी विलयनूर रामचंद्रन यांनी तो १९९० च्या दशकात वापरला आणि १९९९ साली लकव्यासाठीही त्याचा पहिला छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. उभा आरसा दोन हातांच्या मधोमध ठेवायचा, लुळा हात आरशामागे झाकायचा, आणि आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत तो हळू, एका ठेक्यात उघडायचा-मिटायचा. डोळ्यांना दोन्ही हात जुळ्या चालीत हलताना दिसतात. आरसा हाताच्या कोपरापर्यंत पुरेल एवढा तरी हवा, दाढीचा लहान आरसा चालत नाही. आणि चांगल्या हातातल्या अंगठ्या, घड्याळ, बांगड्या आधी काढून ठेवा, कारण प्रतिबिंब लुळ्या हातासारखंच दिसायला हवं. सौभाग्याच्या बांगड्या काढायच्या नाहीत असं कुणी म्हटलं तर मी आग्रह धरत नाही. दुसऱ्या हातात तशाच, तितक्याच घालायला सांगते. त्यानंही काम होतं.